शेवटच्या वर्षाचा केमिकल प्रकल्प चौघांनी कसा करावा: प्रेसमडच्या ढिगापासून व्हायव्हापर्यंत

केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा गटप्रकल्प रसायनशास्त्र अवघड असल्यामुळे सहसा फसत नाही. चौघांच्या लॅपटॉपवर चार वेगळे आकडे असतात, म्हणून तो फसतो. एकाने डायजेस्टर (माल कुजवून गॅस काढायची बंद टाकी) रोजच्या १०० टनांवर काढलेला असतो, दुसऱ्याने कॉम्प्रेसर ७५ टनांवर, आणि खर्चाचं प्रकरण लिहिणाऱ्याने इंटरनेटवरच्या कुठल्याशा ५ टनी सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्रकल्पावर. अहवाल बाइंडिंग करून आणल्यावर हे परीक्षकांना पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे, त्याच्या मुळाशी एकच आग्रह आहे: मटेरियल बॅलन्सची, म्हणजे आत किती माल गेला आणि बाहेर किती आला या ताळेबंदाची, फाइल एकच असावी आणि तिला एकच मालक असावा.

उदाहरणासाठी एकच प्रकल्प शेवटपर्यंत घेतला आहे: साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर फिल्टरवर उरणाऱ्या ओल्या केकपासून) कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात कच्चा माल डोळ्यांसमोर पडलेला असतो. गटातल्या कुणाच्या तरी घरचा ऊस त्याच कारखान्याला जात असतो, त्यामुळे आत जायला ओळखही निघते. मोलॅसिसपासून इथेनॉल हा विषय वाईट नाही, पण दर वर्षी कुणीतरी घेतोच, आणि मागच्या बॅचचा अहवाल समोर असला की हात आपोआप तिकडे वळतो.

विषय पक्का करण्याआधी

विषयाला तीन प्रश्न विचारा. कच्चा माल हातात घेता येतो का? मुख्य यंत्राचं डिझाइन पाठ्यपुस्तकातल्या समीकरणांनी होतं का, की त्यासाठी एखाद्या कंपनीची गुप्त माहिती लागते? आणि प्रकल्पातला एक तरी आकडा तुमच्या प्रयोगशाळेत मोजता येतो का? तिन्हींची उत्तरं 'हो' आली तरच पुढे जा. ग्रीन हायड्रोजनसारखा विषय पोस्टरवर छान दिसतो, पण दुसऱ्या प्रश्नापाशी अडतो.

वेळेचं गणित मात्र आधीच करून ठेवा. इकडे गाळप साधारण नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्चच्या आसपास कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप बंद होतं. उसाच्या दराचं आंदोलन पेटलं तर सुरुवातीचे दिवसही वाया जातात. प्रकल्पाचं खरं काम शेवटच्या सत्रात, म्हणजे फेब्रुवारीनंतर करायचं ठरवलंत, तर कारखान्यात पोहोचेपर्यंत फिल्टर धुऊन ठेवलेला असेल. त्यामुळे भेट आणि नमुने डिसेंबर-जानेवारीतच उरका. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद विद्यार्थी प्रकल्पांना अर्थसाहाय्य देते. त्यासाठीचा प्रस्तावही याच सुमाराला कॉलेजमार्फत पाठवावा लागतो, म्हणून विभागात आधीच चौकशी करून ठेवा.

चौघांची वाटणी

'तू प्रकरण १ आणि २, मी ३ आणि ४' अशी वाटणी सोयीची वाटते आणि तीच घात करते. काम प्रकरणांनुसार न वाटता कारखान्याच्या भागांनुसार वाटा. पहिल्याकडे कच्चा माल, साठवण आणि डायजेस्टर. दुसऱ्याकडे गॅसची स्वच्छता, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड काढणं आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा करणं. तिसऱ्याकडे कॉम्प्रेशन, वाफ, वीज, पाणी आणि खर्च. चौथ्याकडे ताळेबंदाची फाइल, सुरक्षितता आणि अहवाल जुळवणं. हा चौथा म्हणजे कारकून, असं गटातल्या इतरांना वाटू शकतं. प्रत्यक्षात गटातला सर्वांत काटेकोर माणूस इथे हवा, कारण 'हा आकडा कुठून आला?' असं मित्राला तोंडावर विचारायचं काम त्याचं आहे.

फाइलचा नियम साधा ठेवा. एका पानावर डिझाइन बेसिस (ज्या मूळ आकड्यांवर सगळं डिझाइन उभं आहे ते), दुसऱ्यावर स्ट्रीम टेबल (प्रत्येक प्रवाहात काय आणि किती, याचा तक्ता), तिसऱ्यावर बदलांची नोंद. प्रत्येक आकड्यापुढे तीन खुणांपैकी एक हवीच: मोजलेला, कुणाकडून मिळालेला किंवा गृहीत धरलेला. बदल फक्त मालक करतो. बाकीचे त्याला सांगतात, तारीख पडते, कारण लिहिलं जातं. व्हॉट्सॲपवर फाइल फिरवायची नाही. ती एकदा फिरली की 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फाइली जन्माला येतात. ड्राइव्हवरच्या एकाच फाइलवर काम करा. आठवड्याला एक बैठक, ४५ मिनिटांची, आणि तिचं अर्धं पान इतिवृत्त. गाइड सरांची सही त्यावर दर आठवड्याला घेतलीत, तर पुढे 'या गटात अमक्याने काय केलं' या प्रश्नाला कागदच उत्तर देतो.

गटातला एखादा गायब झाला तर तिसऱ्या आठवड्यातच गाइडना सांगा. मैत्रीखातर मे महिन्यापर्यंत झाकून ठेवलं, तर त्याच्या वाटचं काम तिघांना रात्री जागून करावं लागतं आणि व्हायव्हात नेमका त्यालाच त्या भागावर प्रश्न येतो.

कारखान्याची भेट

विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र इंग्रजीत असू द्या, सोबत कन्नडमधली एक प्रत ठेवा. चीफ केमिस्ट आणि चीफ इंजिनिअर दोघांच्या नावे पत्र काढा, कारण प्रेसमडचा आकडा पहिल्याकडे असतो आणि वाफेचा दुसऱ्याकडे. गटात कन्नड चांगलं बोलणारा असेल तर तो भेटीला हवाच. लॅबमध्ये मराठीवर निभावतं. वजनकाट्यावर किंवा फिल्टरपाशी शिफ्टला असलेल्या काकांकडून खरी माहिती काढायची, तर त्यांच्याच भाषेत बोललेलं बरं.

शब्द जपून वापरा. 'मळी' म्हटलं की एकाला टाकीतला मोलॅसिस आठवतो आणि दुसऱ्याला शेतात टाकायचा फिल्टर केक. अहवालात आणि बोलतानाही 'प्रेसमड' आणि 'मोलॅसिस' हेच शब्द ठेवा, नाहीतर मोलॅसिसचे विश्लेषण-आकडे प्रेसमडच्या रकान्यात जाऊन बसतील.

विचारायच्या गोष्टी: रोजची गाळप क्षमता, मागच्या तीन हंगामांतले गाळपाचे प्रत्यक्ष दिवस, उसावर प्रेसमडचे टक्के, त्यातला ओलावा आणि पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण. हे सगळं डेली मॅन्युफॅक्चरिंग रिपोर्टमध्ये आणि हंगामाअखेरच्या आरटी-८-सी अहवालात असतं. झेरॉक्स मिळाली नाही तर आकडे वहीत उतरवून घ्या. रसाचं शुद्धीकरण सल्फिटेशन पद्धतीचं (गंधकाचा धूर वापरून केलेलं) आहे का, हेही विचारा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेच असतं, आणि गंधकाचा काही भाग प्रेसमडमधून थेट तुमच्या डायजेस्टरमध्ये येऊन हायड्रोजन सल्फाइड होतो. शेवटचा प्रश्न बहुतेक गट विसरतात: हंगाम संपल्यावर बॉयलर चालू असतो का? 'कारखान्याची वाफ फुकट वापरू' असं गृहीत धरून वर्षाचे ३३० दिवस डायजेस्टर तापवणारे अहवाल दर वर्षी सापडतात.

नमुना एकाच ठिकाणचा मूठभर घेऊ नका. फिल्टरखाली पडणाऱ्या केकचे तासाच्या अंतराने पाच नमुने, प्रत्येकी अर्धा किलो. ते एकत्र कालवून चौथाई पद्धतीने (चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) एक किलोपर्यंत आणा, घट्ट डब्यात भरा आणि त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवा. जुन्या ढिगाचा एक वेगळा नमुना आणा, तो पुढे लागेल. एक बादली भरून वजनही करा. साठवणीच्या जागेसाठी घनता लागते आणि ती बरोबर नेमकी कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

प्रयोगशाळेत काय मोजायचं

आधी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून एकूण घनपदार्थ, मग मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर जाळून बाष्पनशील घनपदार्थ, म्हणजे जळून जाणारा सेंद्रिय भाग. तीन क्रूसिबल घ्या, एकावर भरवसा ठेवू नका. उदाहरणात २८ टक्के घनपदार्थ आणि त्याच्या ७२ टक्के बाष्पनशील धरले आहेत. म्हणजे ओल्या प्रेसमडच्या जवळपास २० टक्के भागातूनच गॅस निघू शकतो, उरलेला भाग पाणी आणि माती.

त्यानंतर मिथेन क्षमतेची बाटली-चाचणी, म्हणजे बीएमपी. ५०० मिलिलीटरच्या बाटलीत ३५० ग्रॅम गोबर गॅसची ताजी, गाळलेली स्लरी. तिच्यात ३ टक्के बाष्पनशील घनपदार्थ असतील तर ते १०.५ ग्रॅम होतात. त्याच्या निम्मे, म्हणजे ५.२ ग्रॅम, प्रेसमडमधून हवेत. त्यासाठी ओला प्रेसमड २६ ग्रॅम. वर पाणी घालून ४०० मिलिलीटर करा, नायट्रोजनने हवा काढा, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ३० दिवस ठेवा आणि दिवसातून दोनदा हलवा. प्रेसमडच्या तीन बाटल्या, नुसत्या स्लरीच्या तीन आणि सेल्युलोजच्या तीन. सेल्युलोजचं सैद्धांतिक उत्पादन ग्रॅमला ४१५ मिलिलीटर मिथेन आहे. तुमचं ३५० च्या खाली आलं तर स्लरी मेलेली आहे किंवा बूच गळतं आहे, आणि प्रेसमडचे आकडेही टाकून द्यावे लागतील.

गॅस साध्या पाण्यावर गोळा केला तर कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळतो, थोडा नाही, आणि काहीच कळत नाही. ३ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेला तर वर जमा होतो तो जवळपास मिथेन. बाष्पनशील घनपदार्थांच्या ग्रॅमला ०.२२ लीटर धरलं तर एका बाटलीतल्या प्रेसमडमधून १.१४ नॉर्मल लीटर (० अंश आणि १०१.३ किलोपास्कलला मोजलेलं, कोरडं) मिथेन येईल. स्लरीचा स्वतःचा गॅस वेगळा, म्हणून गोळा करायची बाटली किमान २ लीटरची ठेवा.

आता बेळगावची गंमत. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. हवेचा दाब इथे १०१.३ किलोपास्कल नसून ९२.६ च्या आसपास असतो, पाणी साडेसत्त्याण्णव अंशांना उकळतं. वरचे १.१४ नॉर्मल लीटर इथल्या प्रयोगशाळेत २७ अंशांना, ओलाव्यासकट मोजले तर १.४३ लीटर भरतात. दुरुस्ती न करता तोच आकडा पुढे नेलात, तर सगळा कारखाना २५ टक्के फुगलेल्या गॅसवर उभा राहतो. अथणीकडे उंची कमी आहे. म्हणून जिथे प्रकल्प दाखवणार आणि जिथे प्रयोग करणार, त्या दोन्ही जागांचे दाब डिझाइन बेसिसमध्ये वेगवेगळे लिहा.

डिझाइन बेसिस गोठवणं

कारखाना रोज ५,००० टन गाळणारा, हंगाम १४० दिवसांचा. ऊस ७ लाख टन, त्यावर ३.५ टक्के प्रेसमड म्हणजे २४,५०० टन. सीबीजी प्रकल्प ३३० दिवस चालवायचा, म्हणून रोज ७४ टन. इथे अनेक गट ५,००० च्या ३.५ टक्के म्हणजे १७५ टन थेट लिहून मोकळे होतात. तो प्रकल्प उन्हाळ्यात उपाशी बसतो.

७४ टनांत २०.७ टन घनपदार्थ, त्यात १४.९ टन बाष्पनशील. टनाला २२० नॉर्मल घनमीटर मिथेन धरलं तर रोज ३,२८० घनमीटर, वजनात २.३५ टन. गॅसमध्ये मिथेन ६० टक्के म्हणून कच्चा बायोगॅस ५,४७० नॉर्मल घनमीटर, तासाला २२८.

पुढची पायरी घसरडी आहे. सीबीजीत मिथेन ९५ टक्के म्हटलं की ते आकारमानाने असतं. उरलेला कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे वजनाने मिथेन फक्त ८७ टक्के भरतं. स्वच्छतेत ३ टक्के मिथेन गेलं असं धरलं तर विक्रीचा गॅस रोज २.६ टन. म्हणजे १ टन सीबीजीला साधारण २८ टन प्रेसमड. या धंद्यात टनाला २५ टनांच्या आसपास बोललं जातं, तेव्हा आकडा ठिकाणावर आहे. तुमचं उत्तर १५ किंवा ५० आलं तर पुढे जाऊ नका, चूक मागे आहे.

आणखी एक ताडणी: निघणाऱ्या गॅसचं वजन रोज ६.६ टन, आत गेलेले बाष्पनशील १४.९ टन, म्हणजे ४५ टक्के विघटन. प्रेसमडमध्ये बगॅसचं (उसाच्या चोथ्याचं) भूस आणि मेण असतं, त्यामुळे यापेक्षा फार जास्त अपेक्षा धरू नये. कुणाच्या तक्त्यात ८० टक्के आले तर त्याने ०.६ ने आधीच भागलेला बायोगॅसचा आकडा मिथेनचा समजून पुन्हा ०.६ ने भागलेला असतो किंवा तसलंच काहीतरी केलेलं असतं.

सत्राच्या चौथ्या आठवड्यात हा बेसिस गोठवा आणि गाइडची सही घ्या. नंतर बदल करायचा तर चौघांच्या संमतीनेच.

साठवण: सगळ्यांत दुर्लक्षित भाग

हंगामात १४० दिवस वापरून १०,३६० टन संपतो, १४,१४० टन उरतो. घनता घनमीटरला ०.७ टन धरून २०,२०० घनमीटर, अडीच मीटर उंचीचा ढीग घातला तर दोन एकर जागा. कारखान्याच्या नकाशावर हे दोन एकर दाखवा. बहुतेक लेआउटमध्ये डायजेस्टर डौलात उभे असतात आणि ढिगाला जागाच नसते.

उघडा ढीग स्वतःच तापतो, कुजतो, आणि विकायचं मिथेन हवेत जातं. जुन्या ढिगाच्या नमुन्याची चाचणी इथे कामाला येते: ताज्याच्या तुलनेत किती गॅस कमी आला, तेच तुमचं नुकसान. समजा साठवलेल्या मालाचा सरासरी २५ टक्के भाग गेला, तर वर्षाचं उत्पादन १४ टक्क्यांहून जास्त घटतं: ८५८ टनांचे सुमारे ७३५ टन. ढीग दाबून वर ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद हवा, चारा मुरवायच्या खड्ड्यासारखा. खानापूरकडचा पाऊस पाहिलेल्याला ढिगातून वाहणाऱ्या काळ्या पाण्याचं वेगळं सांगायला नको. ते पाणी गोळा करायचा चर आणि टाकी नसेल तर कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचं प्रकरण लिहूच नका.

डायजेस्टर

२८ टक्क्यांचा प्रेसमड पंपाने ढकलता येत नाही, तो १० टक्क्यांवर आणायचा. म्हणजे रोज २०७ टन स्लरी, त्यात १३३ टन पाणी. ३० दिवसांचा मुक्काम धरून ६,२०० घनमीटर, वर गॅसची मोकळी जागा धरून ७,०००. २० मीटर व्यासाचे, सव्वाअकरा मीटर उंचीचे दोन डायजेस्टर. दिवसाला घनमीटरमागे २.४ किलो बाष्पनशील घनपदार्थांचा भार येतो, तो झेपण्यासारखा आहे.

रोज १३३ टन ताजं पाणी कुणी देणार नाही, म्हणून वेगळं केलेलं द्रव परत फिरवायचं. इथे ताळेबंद खरा कसाला लागतो. बाहेर पडणाऱ्या २०० टन स्लरीत १४.१ टन घनपदार्थ आहेत. स्क्रू प्रेसने त्यातले ६५ टक्के पकडले तर उरलेल्या १७० टन द्रवात जवळपास ३ टक्के घनपदार्थ राहतात. हेच द्रव १३३ टन परत घातलं की पहिल्याच फेरीत १० टक्क्यांची स्लरी १२ च्या जवळ जाते, दुसऱ्या फेरीत आणखी वर. स्प्रेडशीटमध्ये वर्तुळाकार संदर्भाची सूचना येते आणि मुलं घाबरून पुनर्चक्र तोडून टाकतात. तोडू नका. इटरेशन चालू करा, किंवा अंदाजाचा एक आकडा घालून हाताने पाच-सहा फेऱ्या करा. निम्मं परत, निम्मं ताजं, असे दोन-तीन पर्याय काढून तक्ता द्या. क्षार आणि अमोनिया साठत जातात, म्हणून शंभर टक्के पुनर्चक्र टिकत नाही हेही तिथेच लिहा.

तापवण्याचा भार सोपा आहे: २०७ टन, २५ वरून ३७ अंश, रोज सुमारे १०,४०० मेगाज्यूल, म्हणजे १२० किलोवॅट. डिसेंबरच्या थंडीत स्लरी २० अंशांवर आली तर १७०. भिंतींमधून जाणारी उष्णता वेगळी मिळवा.

आत दोन गोष्टी हमखास बिघडतात. यंत्राने भरलेल्या उसाबरोबर माती येते, ती तळाशी बसते आणि दोन वर्षांत डायजेस्टरचं आकारमान खाते. म्हणून आधी वाळूचा सापळा आणि तळाला निचऱ्याची वाट. दुसरं, भूस आणि मेण वर येऊन साय धरतं. ढवळणी मध्यावर एकच दिली तर वरचा थर तसाच घट्ट होतो. एक पातं पृष्ठभागाजवळ हवंच.

गॅसची स्वच्छता

हायड्रोजन सल्फाइड २,००० पीपीएम (दहा लाखांत २,००० भाग) धरलं तर रोज १६.६ किलो. आयर्न ऑक्साइडवर पकडायचं तर सैद्धांतिक गरज रोज २६ किलो. बाजारातल्या गोळ्यांमध्ये शुद्ध ऑक्साइड थोडंच असतं, म्हणून पुरवठादाराची क्षमता घ्या. हे काम कार्बन डायऑक्साइडच्या आधी करायचं, नाहीतर तोच वास पुढे स्ट्रिपरमधून (पाण्यात विरघळलेला वायू बाहेर काढणाऱ्या मनोऱ्यातून) सगळ्या आवारात पसरतो. सीबीजीच्या आयएस १६०८७ या मानकात मिथेन किमान ९० टक्के लागतं. हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा यांच्या मर्यादाही त्याच मानकातून उतरवून घ्या.

कार्बन डायऑक्साइडसाठी सगळे पीएसए (दाब कमी-जास्त करून शोषकावर वायू वेगळा करायची पद्धत) लिहितात, कारण माहितीपत्रकात तेच असतं. आमचं मत स्पष्ट आहे: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात वॉटर स्क्रबर, म्हणजे गॅस पाण्याने धुणारा मनोरा, घ्या. पीएसएच्या शोषकाचा डेटा तुमच्याकडे नसतो, मग डिझाइन म्हणजे माहितीपत्रकाचा अनुवाद होतो. स्क्रबर हेन्रीच्या नियमाने (वायू त्याच्या आंशिक दाबाच्या प्रमाणात विरघळतो) हाताने काढता येतो. ८ बारला ४० टक्के म्हणजे ३.२ बार आंशिक दाब. २५ अंशांना लीटर पाण्यात सुमारे ०.११ मोल मावतात. तासाला ४.०७ किलोमोल काढायचे तर किमान ३७ घनमीटर पाणी, प्रत्यक्षात ५०. एवढ्या पाण्यात मिथेनही विरघळतं, पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून मध्ये ३ बारची फ्लॅश टाकी (दाब उतरवून विरघळलेला गॅस सोडवणारी) देऊन तो गॅस कॉम्प्रेसरच्या तोंडाशी परत आणा. ही टाकी विसरलात तर वरचा '३ टक्के घट' हा आकडा खोटा ठरतो. डीडब्ल्यूसिम हे फुकटचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे, पण आधी हाताने काढा आणि मग सॉफ्टवेअरशी ताडून पाहा. विरघळण्याचा आकडा हाताच्या हिशेबापासून दूर गेला तर निवडलेलं थर्मोडायनॅमिक मॉडेल संशयित आहे.

ब्लोअर आणि कॉम्प्रेसर मागवताना पुन्हा तीच उंची आडवी येते. तासाला २२८ हे नॉर्मल घनमीटर झाले. डायजेस्टरमधून ३५ अंशांना, ओलाव्याने भरलेला, इथल्या दाबाला येणारा गॅस प्रत्यक्षात ३०० घनमीटर भरतो. कोटेशनसाठी २२८ लिहून पाठवलंत तर यंत्र जवळपास पाऊण क्षमतेचंच येईल. स्क्रबरनंतर ८ ते २५० बार, तीन टप्पे, प्रत्येकी साधारण ३.१५ पट. मध्ये गॅस थंड करायचे कूलर आणि पाणी काढायची भांडी.

सुरक्षितता

सगळ्या कारखान्याचा वरवरचा हॅझॉप (कुठे काय बिघडू शकतं याची पद्धतशीर छाननी) करण्यापेक्षा दोन नोड, म्हणजे छाननीचे दोन भाग, नीट करा. पहिला डायजेस्टरचं छप्पर: फेस येऊन दाब-निर्वात झडप तुंबली तर छप्पर फुगतं. आणि स्लरी भराभर उपसताना तीच झडप बंद असेल तर छप्पर आत ओढलं जातं. दुसरा प्रेसमड कालवायचा खड्डा. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमला जिवावर बेततं आणि त्याच सुमाराला नाकाला वास येणंही थांबतं. 'वास नाही म्हणजे गॅस नाही' असं समजून उतरलेला एक आणि त्याला काढायला उतरलेले दोन, असेच अपघात होतात. मीटर, हवा खेळवणं आणि वरून दोरी धरणारा माणूस हे तिन्ही उपाय तक्त्यात लिहा. २५० बारच्या सिलिंडरसाठी नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंच्या सुरक्षिततेची केंद्रीय संस्था) परवानगी आणि २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागतात.

खर्च

अमेरिकन पुस्तकातल्या डॉलरच्या आकड्याला आजच्या विनिमय दराने गुणून मोकळे होऊ नका. केमिकल कारखाने उभारण्याच्या खर्चाचा अमेरिकेतला सीईपीसीआय निर्देशांक २००१ मध्ये ३९४ च्या आसपास होता, २०२२ मध्ये ८१६. टाक्या आणि स्क्रबरसाठी उद्यमबाग, कोल्हापूर, सांगली इथल्या फॅब्रिकेटरकडून किलोमागचा दर विचारा. पत्र्याचं वजन तुम्ही काढलेलंच असतं.

उत्पन्नाला केंद्र सरकारच्या सीबीजी खरेदीच्या 'सतत' योजनेतला २०१८ चा किलोला ४६ रुपयांचा दर घेतला तर ८५८ टनांचे ३.९५ कोटी. नंतर दराचं सूत्र बदललं, तेव्हा चालू दर घेऊन पुन्हा काढा. साठवणीतल्या नुकसानीने यातले सुमारे ५७ लाख जातात, हे शेजारच्याच ओळीत दाखवा. प्रेसमडला टनामागे १०० रुपये वाढले की २४.५ लाखांचा फटका. प्रेसमडची किंमत शून्य धरणारा गट इथेच पकडला जातो, कारण गॅसवाले दारात आले की कारखाना फुकट काही देत नाही. वीज सरासरी १५० किलोवॅट लागली तर वर्षाला सुमारे ११.९ लाख युनिट. सीमेच्या अलीकडे कर्नाटकात हेस्कॉम ही वीज कंपनी आणि पलीकडे महाराष्ट्रात महावितरण, दर वेगळे. कागलच्या कारखान्याचा विजेचा खर्च संकेश्वरच्या प्रकल्पाला चिकटवू नका.

अहवाल आणि व्हायव्हा

शेवटचे दोन आठवडे नवं काहीही काढू नका. चौथ्याने स्ट्रीम टेबल छापून भिंतीवर लावावं, आणि बाकी तिघांनी आपापल्या प्रकरणातला प्रत्येक प्रवाह लाल पेनाने त्याच्याशी ताडावा. न जुळणारे दहा-पंधरा आकडे निघतातच. मग जागा बदलून बसा: डायजेस्टरवाल्याने स्क्रबर समजावून सांगायचा, खर्चवाल्याने बीएमपी. बाहेरून आलेले परीक्षक नेमका हाच खेळ खेळतात. शिवाय हे प्रश्न ठरलेले असतात: ३० दिवसच का, २० का नाहीत? पाणी कुठून आणणार? हंगाम १४० ऐवजी १०० दिवस चालला तर? शेवटच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नका. लॅपटॉप उघडा, बेसिसच्या पानावर १४० च्या जागी १०० टाका आणि खालचा सगळा तक्ता बदलताना त्यांना दाखवा.